खोऱ्यात निसर्गगप्पांचा कार्यक्रम ठेवायचाय? मग हे करा

डोंगरातल्या खोऱ्यात संध्याकाळचा कार्यक्रम ठेवायचा तर आधी ऊन कधी जातं ते बघा, स्पीकर-बॅनर नंतर. सूर्यास्ताची छापील वेळ इथे चालत नाही, सूर्य कितीतरी आधी डोंगराआड जातो आणि गारठा सुरू होतो. चार-पाच दिवस आधी त्याच जागेवर जा, हात पूर्ण लांब करून बोटं आडवी धरा, सूर्य आणि डोंगराची धार यांच्यामध्ये जेवढी बोटं बसतील तितकी पंधरा पंधरा मिनिटं ऊन शिल्लक आहे असं धरा, म्हणजे चार बोटं साधारण तासभर. सूर्याकडे टक लावून बघू नका, तो बोटाआडच ठेवा.

मग जागा. सगळ्यांना ओढ्याकाठची सपाट जागा आवडते, पण मी नको म्हणेन. एक तर पाण्याच्या खळखळाटात बोलणाऱ्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही, आणि दुसरं म्हणजे रात्री उतारावरची हवा गार होऊन जड होते आणि सरकत सरकत तळाशी येऊन साचते. एरवी १००० मीटर वर गेलं की तापमान साधारण ६.५ अंशांनी कमी होतं, पण निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री उलटच होतं, तळाला जास्त थंडी आणि थोडं वर बरं वाटतं. म्हणून उतारावरचा एखादा सपाट टप्पा शोधा, जिथे म्हाताऱ्या माणसांनाही चढून येता येईल.

तारीख ठरवताना आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये त्या आठवड्यात काय काय आहे ते विचारून घ्या, एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले की दोन्हीकडे खुर्च्या रिकाम्या. २२ मे हा जैवविविधता दिन आणि ११ डिसेंबर हा पर्वत दिन, या तारखा चांगल्याच आहेत, पण लोक आधीच जमणार असतील अशा दिवसाला (सफाई मोहीम, गावची मीटिंग, शाळेचा कार्यक्रम) जोडून गप्पा ठेवल्या तर गर्दी आपोआप होते. निरोप फक्त व्हॉट्सॲपवर टाकून बसू नका, डोंगराआड रेंज नसते, बसथांब्यावर आणि दुकानाबाहेर कागद लावा आणि शाळेतल्या पोरांना सांगा, पोरं घरी सांगतातच.

आता मुख्य गप्पा. विषय एकच घ्या आणि समोर दिसणारा घ्या. समोरासमोरच्या दोन उतारांवर झाडी वेगळी का, हा एक प्रश्न अर्ध्या तासाला पुरतो, कारण एका बाजूला ऊन जास्त, माती लवकर सुकते, दुसऱ्या बाजूला ओल टिकते. हम्बोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो या उंच डोंगरावर चढला तेव्हा उंचीप्रमाणे झाडं कशी बदलत जातात ते त्याने टिपलं, ही गोष्ट सांगून समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं की लोक स्वतःच खालून वर मोजायला लागतात. पाहुणा वक्ता कितीही मोठा असू दे, त्याच्या शेजारी खोऱ्यात आयुष्य काढलेल्या एखाद्या आजी-आजोबांना खुर्ची द्याच. कुठला झरा कधी आटतो, कुठला पक्षी आता दिसत नाही, हे त्यांनाच माहीत असतं, आणि त्यांचं बोलणं आधी परवानगी घेऊन रेकॉर्ड करून ठेवा.

अंधार पडल्यावर बाहेर फिरवणार असाल तर टॉर्चला लाल कागद लावा, डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका मोबाईलच्या फ्लॅशने सगळं पाण्यात जातं. पतंग बघायला पांढरी चादर ताणून मागे दिवा लावा, पण तासाभरात बंद करा, ते बिचारे रात्रभर तिथेच अडकतात. घुबडाची कॉल फोनवर वाजवून त्याला बोलवू नका, विणीच्या दिवसात तर अजिबात नको. घरट्याची नेमकी जागा कुणालाही सांगायची नाही, फोटोचं लोकेशनही बंद.

गाड्या रस्त्याच्या एकाच कडेला लावायला सांगा आणि वळायला जागा मोकळी ठेवा, ॲम्ब्युलन्सला यायला जायला तोच एक रस्ता असतो. पावसाची चिन्हं दिसली तर ओढा ओलांडून येणाऱ्यांना आधी घरी पाठवा, वरच्या अंगाला पाऊस झाला की इथे थेंब न पडताही पाणी चढतं. प्रश्नोत्तरं अर्धी राहिली तर राहू देत, पुढच्या मीटिंगला घेता येतील.