विकसनशील देशांचे कर्ज आणि परकीय प्रभाव : समजून घेताना या चुका टाळा

एखादा विकसनशील देश आर्थिक संकटात सापडला की चर्चेत लगेच दोन तट पडतात. एका तटाला सगळे परकीय सावकारांचे कारस्थान वाटते, तर दुसऱ्याला सारा दोष तेथील राज्यकर्त्यांचा दिसतो. दोन्ही मते कर्जाचा तपशील न पाहताच मांडता येतात आणि म्हणूनच ती इतकी लोकप्रिय आहेत. कर्ज कोणाकडून घेतले, कोणत्या चलनात, किती मुदतीने आणि कोणत्या देशाच्या कायद्याखाली, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुढील चुका बऱ्याच अंशी टळतात.

सर्रास होणारी चूक म्हणजे संपूर्ण संकटाचे खापर एकाच धनकोवर फोडणे. श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर हे याचे ठरलेले उदाहरण. कर्ज फेडता आले नाही म्हणून चीनने बंदर ताब्यात घेतले, असे सरसकट सांगितले जाते. प्रत्यक्षात 2017 मध्ये सुमारे 112 कोटी डॉलरच्या मोबदल्यात हे बंदर एका चिनी कंपनीकडे 99 वर्षांच्या भाडेकराराने गेले. ती रक्कम परकीय गंगाजळीला आधार देण्यासाठी वापरली गेली आणि बंदरासाठी घेतलेले कर्ज माफ न होता सरकारच्या डोक्यावर कायम राहिले. श्रीलंकेच्या परकीय कर्जातील चीनचा वाटा, सर्व प्रकारची चिनी कर्जे धरली तरी, साधारण एक पंचमांश होता. त्याहून मोठा वाटा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या सार्वभौम रोख्यांचा (म्हणजे सरकारने गुंतवणूकदारांकडून कर्ज घेताना दिलेल्या कर्जपत्रांचा) होता, पण त्यांच्याविषयी क्वचितच कोणी बोलते, कारण रोखेधारकांचे छायाचित्र छापता येत नाही. त्यात 2019 च्या अखेरीस मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय, कोरोनाकाळात बुडालेले पर्यटन आणि 2021 मधील रासायनिक खतांच्या आयातीवरील बंदी यांची भर पडली आणि एप्रिल 2022 मध्ये देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. चीनचा प्रभाव खोटा आहे, असा याचा अर्थ नाही. 99 वर्षांचा ताबा ही लहान गोष्ट नव्हे. मात्र संकटाचे कारण आणि प्रभावाचे स्वरूप हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच तपासले पाहिजेत.

दुसरी चूक कर्जाचे सकल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले प्रमाण हा एकच आकडा पाहण्याची. जपानचे सरकारी कर्ज उत्पादनाच्या दुपटीहून अधिक असूनही तो देश दिवाळखोर ठरत नाही, कारण ते कर्ज येनमध्ये आहे आणि बहुतांशी देशांतर्गत धनकोंचे आहे. डॉलरमध्ये कर्ज घेणाऱ्या देशाला ही सोय नसते. श्रीलंकेत 2022 च्या सुरुवातीला डॉलर सुमारे 200 रुपयांना होता आणि काही महिन्यांतच तो 360 च्या आसपास गेला. म्हणजे एक अब्ज डॉलरच्या कर्जाचा बोजा 200 अब्ज रुपयांवरून 360 अब्ज रुपयांवर पोहोचला, आणि तोही नवा एक डॉलरही उसना न घेता. त्यामुळे सरकारी महसुलातील किती हिस्सा व्याजात जातो, गंगाजळी किती महिन्यांच्या आयातीला पुरेल आणि मोठे हप्ते कोणत्या वर्षी देय आहेत, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीबाबत गैरसमज दोन्ही बाजूंनी होतात. अमेरिकेकडे तेथील सुमारे साडेसोळा टक्के मते आहेत आणि मतांच्या वाटपात बदल करण्यासारख्या मोठ्या निर्णयांना 85 टक्के मते लागतात, त्यामुळे अशा निर्णयांत तिला नकाराधिकार मिळतो. परंतु एखाद्या देशाला कर्ज मंजूर करण्यासाठी साधे बहुमत पुरते. तेथे अमेरिकेचे वजन असते, औपचारिक नकाराधिकार नसतो. उलट, नाणेनिधीने भाग पाडले म्हणून करवाढ केली, असे सांगणारे सरकारही पूर्ण सत्य सांगत नसते. अटींचे इरादापत्र त्या सरकारच्याच सहीने जाते आणि ते सहसा प्रसिद्धही होते. ते वाचल्यावर निधीने काय मागितले आणि अनुदान नेमके कोणाचे कापायचे हे सरकारने स्वतः कसे ठरवले, यांतील फरक दिसू लागतो.

अनुदान, सवलतीचे कर्ज, व्यापारी कर्ज आणि थेट गुंतवणूक या सर्वांना ‘मदत’ म्हणणे टाळावे. यांपैकी अनुदान परत करायचे नसते आणि गुंतवणुकीचा नफा बाहेर जातो. बाकी दोन्ही फेडायची असतात, बहुधा व्याजासह.

शेवटची चूक अशी, की परतफेड थांबल्याची बातमी वाचून प्रकरण मिटले असे समजणे. तांब्याच्या निर्यातीवर विसंबलेल्या झांबियाने 2012 मध्ये सुमारे 5.4 टक्के व्याजाने डॉलर रोखे विकले. तांब्याचे भाव घसरल्यावर 2015 मध्ये त्याच देशाला जवळपास 9 टक्के मोजावे लागले. नोव्हेंबर 2020 मध्ये 4.25 कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला, पण रोखेधारकांशी तडजोड पूर्ण होण्यास 2024 उजाडले. अशा वाटाघाटींत न आलेला धनको काय करू शकतो, हेही झांबियाने आधीच पाहिले होते. ट्रॅक्टर व इतर शेती-सामग्रीच्या खरेदीपोटी रुमानियाला देणे असलेले झांबियाचे जुने कर्ज डोनेगल इंटरनॅशनल या कंपनीने 1999 मध्ये सुमारे 33 लाख डॉलरला विकत घेतले आणि पुढे साडेपाच कोटी डॉलरचा दावा लावला. लंडनच्या उच्च न्यायालयाने 2007 मध्ये दाव्याइतकी नाही, तरी सुमारे 1.55 कोटी डॉलर इतकी रक्कम मान्य केली, आणि ती झांबियाच्या सरकारी तिजोरीतूनच जाणार होती. गरीब देशांविरुद्धच्या अशा दाव्यांना आवर घालणारा कायदा ब्रिटनने 2010 मध्ये केला. रोख्यांच्या कागदपत्रांत ‘लागू कायदा’ या शीर्षकाखाली न्यूयॉर्क लिहिले आहे की इंग्लंड, हे म्हणूनच आधी पाहावे.