पॅडी बकली राउंडला साथ द्यायला जाताना: तयारीची यादी

ओळखीतल्या कुणी ‘यंदा जूनमध्ये पॅडी बकली करतोय, साथीला येशील का?’ असं विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, की तयारी त्याच दिवशी सुरू झाली असं समजा. पळणारा एक असतो, पण त्याच्यामागे आठ-दहा माणसं राबतात. मी मँचेस्टरहून दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या साथीला जातो. नव्याने येणारे मराठी मित्र दर वेळी तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे एकदाचं लिहून काढलं.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. उत्तर वेल्समधल्या स्नोडोनियात, म्हणजे एररीत, 47 माथे एका दमात जोडणारी ही फेरी आहे. साधारण 61 मैल, म्हणजे शंभरएक किलोमीटर अंतर आणि जवळपास 8500 मीटर चढ. कळसूबाईच्या 1646 मीटर उंचीच्या पाचपटीहून जास्त, आणि तेवढाच उतार. पॅडी बकली यांनी ती आखली आणि 1982 साली वेंडी डॉड्स यांनी पहिल्यांदा पूर्ण केली. कुठूनही सुरू करता येते, कोणत्याही दिशेने जाता येतं. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर 24 तासांचं लक्ष्य असतं. पाच टप्पे पडतात आणि प्रत्येक टप्पा रस्त्याला येऊन मिळतो. साथीदारांचं सगळं गणित त्या पाच ठिकाणांभोवती बांधायचं.

तारीख मे ते जुलै यांमधली घ्या. जूनच्या मध्यावर इथे पाचच्या आत उजाडतं आणि साडेनऊनंतर सूर्य मावळतो, म्हणजे खरा काळोख पाच-सहा तासांचाच. पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार मिळाला तर उत्तम. त्याचबरोबर पुढचा एक शनिवारही सगळ्यांनी मोकळा ठेवायचा. वेल्समधला पाऊस कुणाची रजा बघून येत नाही. निर्णय गुरुवारी रात्री, डोंगरांचा वेगळा अंदाज देणारी दोन संकेतस्थळं बघून घ्यायचा. त्यात पावसाइतकंच लक्ष माथ्यावरच्या वाऱ्याकडे आणि ढगांच्या उंचीकडे द्या. हजार मीटर वर गेलं की तापमान सहा-सात अंशांनी उतरतं. पायथ्याच्या लानबेरिस गावात टी-शर्टवर बसलेल्या माणसाला स्नोडन शिखराच्या 1085 मीटरवर काय वाटेल, याची कल्पना खाली बसून येत नाही.

समजा, आपला गडी लानबेरिसहून सकाळी दहाला निघाला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणार आहे. मग अंदाजे दुपारी अडीचला ऑग्वेन, पावणेसहाला कॅपल किरिग, मध्यरात्रीनंतर साडेबाराला अबरग्लॅस्लिन, पहाटे पाचला पाँट काइर गॉर्स आणि साडेनऊला परत लानबेरिस. हाताशी अर्धा तास उरतो. हे वेळापत्रक 47 माथ्यांच्या नावांसकट कागदावर छापा, एका बाजूला खऱ्या वेळा लिहायला रकाना ठेवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येकाच्या खिशात द्या. सोबत शिसपेन्सिल, कारण ओल्या बोटांनी बॉलपेन चालत नाही आणि फोनचा पडदाही ऐकत नाही. दऱ्यांमध्ये फोनची रेंज भरवशाची नाही. पळणाऱ्याच्या पिशवीत जीपीएस ट्रॅकर असला तरी ‘ठिपका हलत नाही, काहीतरी झालं’ असं म्हणून घाबरायचं नाही आणि ‘ठिपका हलतोय, सगळं ठीक’ असं म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही.

प्रत्येक टप्प्यावर डोंगरात किमान दोघं हवेत. एकाने वाट काढायची. दुसऱ्याने खाणं, पाणी आणि कपडे वाहायचे, वेळ लिहायची, दर वीस-पंचवीस मिनिटांनी काहीतरी खायला पुढे करायचं. ही दोन्ही कामं एकाच माणसावर टाकली की एक हमखास बिघडतं. रस्त्यावर दोन गाड्या आणि दोन चालक, आणि ते चालक डोंगरात जाणार नाहीत हे आधीच ठरलेलं असावं. आता गाड्यांच्या किल्ल्यांचं. लानबेरिसहून निघालेला साथीदार ऑग्वेनला उतरतो, पण त्याची गाडी लानबेरिसलाच असते. त्याची किल्ली त्याच्याच खिशात राहिली की गाडी कुणालाच हलवता येत नाही. म्हणून निघण्याआधी सगळ्या किल्ल्या रस्त्यावरच्या एका माणसाकडे द्या, प्रत्येक किल्लीला नावाची चिठ्ठी बांधा. ऑग्वेनचे वाहनतळ सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतात, त्यामुळे तिथे गाडी वेळेवर पोचवायची जबाबदारी नाव घेऊन एकावर टाका.

वाट काढणाऱ्याने आपला टप्पा आधी एकदा तरी चालून आलेला असावा. कागदी नकाशाही हवा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचे ओएल 17 आणि ओएल 18 हे दोन मिळून सगळी फेरी येते. पाचही टप्प्यांना लागणारा माणूस वेगळा. लानबेरिस ते ऑग्वेनमध्ये डिनोर्विगच्या बंद स्लेट खाणींतून थेट एलिदिर डोंगरावर चढायचं, मग ग्लिडरांचे कातळ आणि शेवटी त्रव्हन. त्रव्हनवर हातांनी कातळ धरून चढल्याशिवाय जाता येत नाही, आणि ओल्या दगडावर ज्याचे पाय लटपटतात त्याला इथे पाठवू नका. ऑग्वेन ते कॅपल किरिग हा कार्नेदाय डोंगररांगेचा टप्पा त्या मानाने सरळ. सुरुवातीला पेन अर ओले वेनचा अंगावर येणारा चढ आहे, पुढे रुंद धारेवर पळता येतं. वारं असेल तर मात्र ही धार झोडपून काढते.

सगळ्यात अवघड टप्पा कॅपल किरिग ते अबरग्लॅस्लिन. नकाशावर बघाल तर मोइल शाबोद 872 मीटर, क्निख्त 689 मीटर, बाकीच्या टेकड्या त्यांच्याच आगेमागे. आकडे बघून फसू नका. शाबोद उतरलं की पुढे मैलोगणती दलदल, गुडघाभर गवत, छोटे छोटे माथे आणि त्यांच्यामधून कुठलीही ठळक वाट नाही. एका माथ्यावरून पुढचा माथा दिसतो पण तो बरोबर माथा आहे का, हे कळत नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात पठारावर ढग उतरला की जी अवस्था होते, तीच. सगळ्यात जाणता वाटाड्या या टप्प्याला द्या, मग बाकीच्यांचा कितीही आग्रह असो. वरच्या वेळापत्रकात दलदलीचा भाग संध्याकाळच्या उजेडात येतो, पण मोइलविनच्या खाणी आणि क्निख्त अंधारात. ऱ्होसिद खाणीच्या पडक्या भिंती टॉर्चच्या उजेडात अचानक समोर उभ्या राहतात आणि आसपास उघडे खोल खड्डे आहेत. तिथली वाट दिवसा नीट पाहून ठेवा. जाताना हेडटॉर्च प्रत्येकाची, वर एक जादा टॉर्च आणि जादा बॅटऱ्या. त्या डोंगरात जाणाऱ्याच्या पाठीवर असाव्यात. आमच्या गटाकडून एकदा त्या गाडीतच राहिल्या. दोघांमध्ये एक टॉर्च घेऊन क्निख्त उतरायला दीड तास लागला आणि 24 तासांचं गणित तिथेच मोडलं. पळणाऱ्याची काहीच चूक नव्हती. ते मला अजून लागतं.

चौथा टप्पा मोइल हेबोगपासून नांत्लच्या धारेपर्यंत, ऐन रात्रीचा. इथे बोलका साथीदार द्या. शेवटच्या टप्प्यात पाँट काइर गॉर्सहून अर आरान करत स्नोडन, म्हणजे अर विद्वा. सकाळी साडेसातच्या सुमाराला माथ्यावर पोचलं तर फोटोसाठीची रांग लागलेली नसते. मग वाटतं की झालंच आता. पण अजून मोइल कन्होरियनपासून मोइल एलियोपर्यंतच्या गवताळ टेकड्या उरलेल्या असतात. प्रत्येक वेळी उतरून पुन्हा चढायचं. मांड्या दगड झालेल्या माणसाला त्या जिवावर येतात. त्या किती आहेत हे त्याला आदल्या दिवशीच स्पष्ट सांगा, वर गेल्यावर ‘ही शेवटची’ असं खोटं कधी बोलू नका.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पाय थकून घरी जाणाऱ्यांपेक्षा पोट बिघडून घरी जाणारे मी जास्त पाहिलेत. पहिले आठ तास गोड चालतं: एनर्जी जेल, केळी, फ्लॅपजॅक (ओट्सची गोड वडी), जेली बेबीज. त्यानंतर गोडाचा वासही नकोसा होतो. तेव्हा मीठ लावलेले उकडलेले बटाटे, टोमॅटो सूप, चीज सँडविच, गार राइस पुडिंग, साखर घातलेला चहा. प्रत्येक थांब्याचं खाणं वेगळ्या पिशवीत भरा आणि वर थांब्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. सगळं पोर्थमडॉग किंवा बँगॉरमधून आधीच आणा, रात्री वाटेत काही मिळेल या भरवशावर राहू नका. दोन वर्षांपूर्वी पाँट काइर गॉर्सला पहाटे आमचा मित्र गाडीच्या उघड्या डिकीत बसला, चेहरा पांढराफटक, पुढे केलेल्या प्रत्येक गोष्टीला मान हलवून नाही म्हणत होता. माझ्याकडे थर्मासमध्ये गुरगुट्या भात होता, भरपूर तूप आणि मीठ घातलेला. खरं तर तो मी स्वतःसाठी आणला होता. त्याला न विचारता चमचा तोंडाशी नेला. पहिला घास त्याने बराच वेळ तोंडात धरला, मग गिळला. दुसऱ्याला त्याने स्वतः हात पुढे केला. वाटीभर खाऊन, लिंबाच्या लोणच्याची फोड चोखत तो उठला. तेव्हापासून माझ्या यादीत थर्मासमधला भात सगळ्यात वर असतो. भूक आहे का, असं विचारायचं नाही. पुढे करायचं. वीस तासांनी माणसाला निवड करायला लावणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक चढ लादणं.

थांब्यावर वेळ मोजा. दहा मिनिटं, आणि अबरग्लॅस्लिनला फार तर पंधरा. घडीची खुर्ची आधीच मांडलेली, चहा ओतलेला, मोजे उलगडून ठेवलेले, नवी बाटली भरलेली. एकाने खाणं बघायचं, एकाने पाय. दलदलीतून आलेले पाय सुरकुतून पांढरे पडतात. ओली नाडी गाठ धरून बसते आणि गार पडलेल्या नखांना ती सुटत नाही, म्हणून मी जेवणाचा काटा जवळ ठेवतो. काट्याचं टोक गाठीत घालून फिरवलं की ती सैल होते. पाय टॉवेलने बोटाबोटांमधून पुसायचे, व्हॅसलीन जाडसर लावायचं, फोड असेल तर त्यावर पट्टी, मग कोरडे मोजे. बुटांचा दुसरा जोड अर्ध्या मापाने मोठा आणा, कारण पाय सुजतात. कोरड्या कपड्यांची पिशवी एकच आणि ती कायम एकाच गाडीत. सहानुभूती दाखवत शेजारी बसून राहू नका, बसलेला माणूस गार पडतो.

डोंगरात जाणाऱ्या साथीदाराची स्वतःची पाठपिशवी भरलेली हवी: पूर्ण वॉटरप्रूफ जोड, उबदार जाकीट, टोपी-हातमोजे, होकायंत्र, शिटी, प्रथमोपचार, आणि दोघांत मिळून एक तात्पुरता निवारा. पळणारा घामेजलेला असतो आणि हलका असतो. तो थांबला की तुमच्याजवळचं जाकीट हेच त्याचं घर. तो शांत झाला, जीभ जड झाली, सपाटीवर अडखळायला लागला, हातमोजा घालता येईना, तर अंगातली ऊब संपत चालली आहे. तिथेच थांबून कपडे चढवा, गोड पाजा आणि जवळच्या वाटेने खाली उतरा. अपघात झालाच तर 999 लावून आधी पोलीस मागायचे आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू. नकाशावरचा ग्रिड आकडा तयार ठेवा. 999ला मेसेजनेही मदत मागता येते, पण त्यासाठी फोनची नोंदणी आधी करावी लागते. ती घरूनच करून निघा. शिट्टीची खूण म्हणजे मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. येणारी माणसं स्वयंसेवक असतात, अंथरुणातून उठून येतात.

थांबायचं कधी, हे आठवडाभर आधी, पोट भरलेलं आणि डोकं थंड असताना पळणाऱ्याशी बोलून ठरवा. 24 तास हुकणार हे दिसलं तरी पुढे जायचं आहे का? कित्येकांना जायचं असतं आणि ती फेरीसुद्धा पूर्णच असते. दुसरं, डोंगरातला साथीदार ‘बास’ म्हणाला तर त्यावर वाद घालायचा नाही, हे पळणाऱ्याकडून कबूल करून घ्या. मी तर ते त्याच्या घरच्यांसमोर कबूल करून घेतो. पहाटे चारला नांत्लच्या धारेवर पावसात ही चर्चा नव्याने करता येत नाही.

गावांतून रात्री जाताना गाडीचे दरवाजे हळू लावा. मेंढ्यांची फाटकं जशी सापडली तशीच ठेवा. कुणी पाणी दिलं, वाट दाखवली तर ‘डिओल्ख’ (वेल्शमध्ये ‘धन्यवाद’) म्हणा, इथल्या माणसांना ते मनापासून आवडतं.

आणि यादीतलं शेवटचं: लानबेरिसला तळ्याजवळ एक खोली रविवार दुपारपर्यंत घेऊन ठेवा. शेवटचा माथा उतरल्यावर पळणारा झोपतोच, पण रात्रभर गाडी हाकणारेही जागेच असतात. तीन-चार तास डोळ्याला डोळा लागल्याशिवाय कुणालाही मँचेस्टरच्या रस्त्याला लागू देऊ नका. किल्ल्या तोपर्यंत त्या एका माणसाकडेच ठेवा.