मालिकेतील नवी पोलीस तपासकथा लिहिताना : इंदूरच्या एका ठाण्यापुरते

एकाच पोलीस अधिकाऱ्याला नायक करून लिहिलेली मालिका सहाव्या-सातव्या पुस्तकापर्यंत आली की नवा खून सुचणे फारसे अवघड राहत नाही, पण मागच्या पुस्तकांतला काळ सांभाळणे मात्र फार जड जाऊ लागते. वाचकाने मधल्या सुट्टीत सगळी पुस्तके पुन्हा वाचलेली असतात आणि लेखकाने ती वाचलेली नसतात. म्हणून कथानकाला हात घालण्यापूर्वी, ठाण्यात जसा रोजनामचा ठेवतात तसा नायकाचा रोजनामचा लिहून काढावा. त्यात प्रत्येक पुस्तकाचे वर्ष व महिना, त्या वेळचे नायकाचे वय, हुद्दा, बदल्या, घरची माणसे, जखमा आणि अर्धवट राहिलेली भांडणे यांची तारीखवार नोंद असावी. माझ्या चौथ्या पुस्तकात नायकाच्या आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही असे होते, आणि पाचव्यात ती फोन डाव्या कानाला लावून लेकाशी बराच वेळ बोलली. लोकमान्य नगरातल्या एका आजींनी पुस्तक हातात धरून मला विचारले, "अहो, त्यांचा डावा कान गेलेला होता ना?" त्या दिवसापासून माझी वही सुरू झाली.

वयाचा हिशेब सर्वांत आधी मांडावा. मध्य प्रदेशात शासकीय सेवेचे निवृत्तीवय २०१८ पासून ६२ आहे. त्यामुळे २००८ मध्ये पंचेचाळिशीत असलेला निरीक्षक २०२५ मध्ये निवृत्त होतो, आणि पुढचे पुस्तक लिहायचे असेल तर त्याला निवृत्त दाखवावे, अथवा कथा मागच्या वर्षांत न्यावी. वय मोघम ठेवण्याची पळवाट मला पटत नाही, कारण थकत जाणाऱ्या माणसाकडे परतण्यातच मालिकेची गोडी असते.

हुद्द्यांच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या सवयी इंदुरात आणू नयेत. इकडे ठाण्याचा प्रमुख निरीक्षक सर्वांच्या तोंडी 'टीआय' असतो, शिपायाला आरक्षक म्हणतात आणि लिखापढी सांभाळणारे ते मुंशीजी. इंदुरात पोलीस आयुक्तालयाची पद्धत ९ डिसेंबर २०२१ रोजी लागू झाली. त्याआधी घडणाऱ्या कथेत आयुक्तांचा फोन येता कामा नये. मराठी वाचकासाठी प्रत्येक शब्दाचा अर्थ देत बसण्याची गरज नाही. मुंशीजी दारात उभे राहून "साहब, मर्ग कायम कर दिया" म्हणाले आणि टीआयने घड्याळाकडे पाहून पंचांना बोलावायला सांगितले, की अकस्मात मृत्यूची नोंद झाली हे प्रसंगातूनच कळते. असे तीन-चार शब्द पुरेत. ठाण्यात हिंदी बोलणारा हा माणूस घरी जोडे काढता काढता आईच्या "जेवलास का रे?" ला मराठीत उत्तर देतो, आणि भाषेच्या या बदलातच त्याचा दिवस संपल्याचे दिसते. हा क्षण प्रत्येक पुस्तकात एकदा तरी यावा असे मला मनापासून वाटते.

आता कायद्याकडे वळू, कारण जुन्या मालिका सर्वांत जास्त इथेच चुकतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. खुनाचे कलम ३०२ आता १०३ आहे. पण कोणते कलम लागेल हे गुन्हा कधी घडला यावर ठरते, तक्रार कधी नोंदली यावर नव्हे. या एका मुद्द्यावर अख्खी कादंबरी उभी राहू शकते. ३० जून २०२४ हा रविवार होता. समजा, सोमवारी पहाटे जुन्या मिलच्या वस्तीतल्या एका खोलीत प्रेत सापडले. जबडा आणि मान ताठ झालेली आहे, पाय मात्र अजून सैल आहेत. प्रेताचा ताठरपणा आधी पापण्या व जबड्यात दिसतो, मग हातापायांत उतरतो, आणि उकाड्यात हे सारे लवकर घडते. म्हणून डॉक्टर घड्याळी वेळ न सांगता काही तासांचा अंदाज देतात. तो अंदाज मध्यरात्रीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असेल, तर टीआयला आधी मृत्यूची वेळ शोधावी लागेल आणि खुनी त्यानंतर. तपासाची कार्यपद्धती मात्र दोन्ही परिस्थितींत नव्या संहितेचीच राहील.

शेवटच्या प्रकरणात आरोपीने ठाण्यात ढसाढसा रडून कबुली द्यायची, ही खोड सोडून द्यावी. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर शोधाशी निगडित तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. त्यामुळे कबुलीच्या पानांची जागा कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, म्हणजे होळकरांच्या समाधीवास्तूंजवळ, खान नदीच्या गाळातून चाकू काढण्याच्या प्रसंगाला द्यावी. पंच काठावर उभे आहेत, चिखल पोटऱ्यांपर्यंत आहे, आणि नव्या कायद्याप्रमाणे जप्तीचे चित्रीकरण करणारा आरक्षक मोबाइल पाण्यात पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून आहे. अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे आणि खुनाच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत आरोपपत्र न गेल्यास आरोपीला मिळणारा जामिनाचा हक्क, ही दोन बंधने कथेला आपोआप वेग देतात. त्यासाठी पाठलागाची गरज लागत नाही.

स्थळ निवडताना जागेपेक्षा वेळेकडे पाहावे. इंदूरच्या सराफा बाजारात दिवसभर सोन्याचा व्यवहार चालतो, रात्री दुकाने बंद झाली की त्यांच्याच समोर खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गर्दी असते. एकाच ओट्यावर रात्री आठला वेगळे साक्षीदार आणि दहाला वेगळे, म्हणून मधल्या तासाभरात काय घडले ते सांगणारा सहजी मिळत नाही. तसेच अनंत चतुर्दशीला मिलच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले देखावे, रात्रभर निघतात, शहरातले बहुतेक पोलीस बंदोबस्तावर असतात आणि ठाण्यात मुंशीजी व एखादा आरक्षक उरतो. ऋतूही तपासून घ्यावा : गराडू, म्हणजे तळलेला कंद, थंडीतला; भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, कीस पावसाळ्यातला. जूनच्या कथेत टीआयने गराडू खाल्ला, तर इंदूरचा वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

हस्तलिखित संपल्यावर ते लगेच पाठवू नये. वही पुन्हा उघडावी आणि या पुस्तकात काय उघडे राहिले ते लिहावे : मालखान्यात, म्हणजे ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत, पडून असलेली अंगठी, फितूर झालेला पंच, बदली मागितलेला तरुण उपनिरीक्षक, आणि आई झोपल्यावर टीआयने न उचललेला तो एक फोन. त्याखाली पुढच्या कथेचे वर्ष व महिना लिहून त्याच्यासमोर नायकाचे वय मांडावे.