जुन्या ओम्नीचे मागचे दिवे: आधी अर्थिंग, मग बल्ब

मारुती ओम्नीचे मागचे दिवे मंद वाटले की पहिला विचार येतो तो जास्त वॅटच्या बल्बचा. तो मनातून काढून टाका. 21/5 वॅटच्या (एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारा: ब्रेकसाठी 21, टेल लाईटसाठी 5) जागी भारी बल्ब घातला तर होल्डर वितळतो, लेन्स तापून वाकडी होते, आणि मूळ दुखणं तसंच राहतं. ते दुखणं बहुतेक वेळा गंजात असतं. खाडीची दमट, खारट हवा आणि चार महिने पाऊस. ठाणे-बेलापूर पट्ट्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं अर्थिंग, म्हणजे दिव्यातून गेलेल्या करंटची पत्र्यातून बॅटरीकडे परतायची वाट, शाबूत असलं तरच नवल.

फिलामेंटचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी झपाट्याने पडतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड जवळजवळ तीस टक्के जातो. म्हणून सुरुवात मल्टिमीटरने. इंजिन चालू ठेवा, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरं, लांब वायर जोडून, बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. 0.1-0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब. मीटर नसेल तर ब्रेक दाबल्यावर टेल लाईट मंदावते का, किंवा इंडिकेटरबरोबर ती लुकलुकते का ते बघा. तसं होत असेल तर करंट परतीची वाट दुसऱ्या फिलामेंटमधून शोधतोय.

अर्थचा स्क्रू काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, वायरच्या टोकाला नवं थिंबल (धातूचं कडं) दाबून बसवा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आधी नाही, आवळल्यावर. दोन्ही दिव्यांच्या होल्डरपासून बॉडीपर्यंत 1 चौ. मिमीची वेगळी अर्थ वायर टाकली तर उत्तमच.

अर्थ चांगलं असूनही होल्डरच्या पॉझिटिव्हला बॅटरीपेक्षा व्होल्टभर कमी मिळत असेल तर ब्रेक स्विच किंवा जुनी वायर दोषी. चार पिनचा रिले (स्विचच्या थोड्याशा करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारा) लावा: 30 नंबरच्या पिनला बॅटरीतून 10 अँपिअर फ्यूजमार्गे, 87 दिव्यांकडे, 86 ला स्विचची वायर, 85 अर्थला. दोन ब्रेक बल्ब मिळून साडेतीन अँपिअर घेतात, म्हणजे रिलेला काहीच जड नाही.

आता लेन्स. साबणाच्या पाण्याने धुवा. पेट्रोल किंवा थिनर लावलंत तर ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. नुसती धुरकट असेल तर 2000 नंबरचा पेपर पाण्यात भिजवून घासा आणि वर प्लॅस्टिक पॉलिश मारा. लाल रंग गुलाबीकडे झुकला असेल तर मात्र बदलाच. आतला चंदेरी मुलामा फडक्याने जोरात पुसू नका, तो निघून येतो. गॅस्केट नवं घाला, पण खालचं पाणी निघायचं भोक सिलिकॉनने बुजवू नका; आत साचलेली वाफ होल्डर खाते.

एलईडी लावायचा तर लाल लेन्समागे लालच. पांढऱ्या एलईडीच्या उजेडातला बराच भाग लाल लेन्स गिळते. दुहेरी पिनचा, पिना वरखाली असलेला बल्ब घ्या आणि बाजूंनाही एलईडी असलेला निवडा, नाहीतर दिव्याच्या आतला चंदेरी रिफ्लेक्टर रिकामाच राहतो. लावल्यावर टेल आणि ब्रेक यातला फरक दहा पावलांवरून नीट कळतो का ते पाहा. स्वस्त मालात तो कळत नाही. इंडिकेटरही एलईडी केलेत तर जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) ते भराभर लुकलुकवतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा, लोड वाढवायला रेझिस्टर नको, तो फार तापतो.

सगळ्यात जास्त फरक मात्र तिसऱ्या ब्रेक लाईटने पडतो. मूळ दिवे खाली असतात. शीळफाट्याच्या कोंडीत अगदी चिकटून उभ्या असलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला ते ट्रकच्या नाकाआड जातात. मागच्या काचेच्या वरच्या कडेला आतून लाल एलईडी पट्टी लावा. तिच्या कडेला काळा फोम चिकटवा, नाहीतर ब्रेक दाबला की आरशात लाल झगमगाट. वायर ब्रेकच्या वायरवरून, 2 अँपिअर फ्यूजसह घ्या. डिकीच्या बिजागरीपाशी ती रबरी नळीतून आणि थोडी सैल सोडा. उघडबंद करताना वायर तिथेच तुटते.

लुकलुकणाऱ्या ब्रेक पट्ट्या आणि दिव्यांवर काळी फिल्म, दोन्ही नकोत. मागे दोन लाल रिफ्लेक्टर मात्र हवेतच. रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाडीची बॅटरी उतरली तर मागच्याला दिसायला तेवढेच उरतात.