विमाविक्रीत पाऊल ठेवताना कंपनी कशी निवडावी

समोरची कंपनी आपल्याला नोकरी देत आहे की एजन्सी, हे विमाविक्रीत उतरणाऱ्याने सर्वप्रथम स्पष्ट करून घ्यावे. कोल्हापुरात शाहूपुरी किंवा राजारामपुरीतील एखाद्या शाखेत मुलाखतीला गेल्यावर 'करिअर' हा शब्द दोन्हींसाठी वापरला जातो. प्रत्यक्षात एजंट हा कंपनीचा नोकर नसतो. त्याला पगार, रजा किंवा भविष्य निर्वाह निधी मिळत नाही. जेवढे विकेल तेवढे कमिशन मिळते. पगारी विक्री अधिकाऱ्याला पगार असतो, परंतु तो बहुधा टार्गेटला बांधलेला असतो, आणि अनेक ठिकाणी त्याचे खरे काम नवे एजंट भरती करून त्यांच्याकडून धंदा आणणे हे असते.

एजन्सीची वाट धरली तर दहावी उत्तीर्ण असणे, प्रशिक्षण घेणे आणि आयसी-३८ ही ५० प्रश्नांची परीक्षा ३५ टक्के गुणांनी उत्तीर्ण होणे पुरेसे ठरते. परीक्षा अवघड नाही. मात्र एका वेळी आयुर्विम्याची एकच कंपनी घेता येते, आणि ती बदलायची झाल्यास आधीच्या कंपनीकडून एजन्सी संपल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. सर्वसाधारण विम्याची, म्हणजे वाहन, दुकान, माल यांच्या विम्याची, एक आणि आरोग्य विम्याची एक कंपनी तिच्या जोडीला चालते.

माझी पहिली निवड केवळ नेमणूकपत्रातील पगाराचा आकडा पाहून झाली होती. पहिल्या तीन महिन्यांत मामा, आत्या, चुलतभाऊ आणि तालमीतले दोन मित्र अशा घरच्याच पॉलिसी झाल्या. कागल तालुक्यातील मामांचे उत्पन्न उसाचे. कारखान्याचे बिल खात्यावर जमा होते तेव्हा हातात पैसा, एरवी नाही. तरीही महिन्याचे टार्गेट गाठण्यासाठी त्यांच्या गळ्यात मासिक हप्ता मारला गेला. पावसाळ्यात खाते रिकामे झाले, हप्ते परत जाऊ लागले आणि पॉलिसी लॅप्स झाली, म्हणजे बंद पडली. साहेबांना विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "सोडून द्या, नवीन काढू." मामांनी त्यानंतर दोन वर्षे मला विम्याविषयी एक शब्दही काढू दिला नाही.

म्हणून आता मुलाखतीला जाणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: ऊस उत्पादक शेतकऱ्याला तुम्ही कोणता हप्ता सुचवाल, आणि दर दहा दिवसांनी दुधाचे बिल मिळणाऱ्याला कोणता? जी शाखा या प्रश्नावर थबकते, तिथे दुसऱ्या वर्षाचा विचार होत नाही. आपली पुढची कमाई नूतनीकरणाच्या, म्हणजे ग्राहकाच्या पुढच्या हप्त्यांवर मिळणाऱ्या, कमिशनवर उभी राहते आणि हप्ते थांबले की तीही थांबते. तेराव्या महिन्यानंतर किती पॉलिसी चालू राहिल्या याचे प्रमाण विमा कंपन्या आपल्या संकेतस्थळांवर जाहीर करतात. ते दोन-तीन कंपन्यांचे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. एजन्सी सुटल्यास किंवा एजंटचे निधन झाल्यास हे कमिशन कोणाला मिळते, आणि पॉलिसी लवकर बंद पडल्यास दिलेले कमिशन परत वसूल होते का, याची उत्तरे करारातच वाचावीत. तोंडी आश्वासन पुरेसे मानू नये.

सर्वसाधारण विमा विकायचा असेल तर दाव्याचे काम कोल्हापुरात होते की पुण्याला पाठवले जाते, हे विचारावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर भिजलेला माल दाखवण्यासाठी दुकानदाराने आधी आपल्या एजंटलाच फोन लावला होता, कंपनीला नव्हे.

पहिला हप्ता आपल्या कमिशनमधून भरून देण्याचा सल्ला प्रशिक्षणातच मिळाला, तर तिथून उठून यावे. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार अशी सूट देण्यास मनाई आहे आणि त्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड शाखाप्रमुख भरत नाहीत.

होकार देण्यापूर्वी त्याच शाखेत चार-पाच वर्षे टिकलेल्या एखाद्या एजंटबरोबर एक दिवस फिरण्याची परवानगी मागावी. त्या दिवशी तो नव्या माणसांकडे किती वेळा गेला आणि जुन्या ग्राहकांकडे किती वेळा, हे मोजावे.