फ्लाय फिशिंगला निघण्यापूर्वी अंगणातला सराव

हिमाचलातील तीर्थन खोऱ्यात वाटाड्या घेऊन फ्लाय फिशिंगने, म्हणजे गळाला आमिष म्हणून खोटी माशी लावून, ट्राऊट मासे धरायला जाणाऱ्या नवख्यांचा बराच वेळ दोरी फेकायला शिकण्यातच जातो, आणि वाटाड्याचे पैसे मात्र पूर्ण दिवसाचे द्यावे लागतात. हे टाळायचे असेल तर सराव घरूनच करून जावा.

काठीला दोरी आणि पुढचा बारीक धागा नेहमीप्रमाणे जोडावा, परंतु टोकाला गळाऐवजी भडक रंगाच्या लोकरीचा पेरभर तुकडा बांधावा. हिरवळीवर आठ-दहा मीटर अंतरावर एखादी जुनी परात ठेवून लोकर तिच्यात पडेल अशा बेताने दोरी फेकावी. काठी मागे नेल्यावर दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबावे. घाई झाली की चाबकासारखा फटकारा ऐकू येतो, आणि नदीवर नेमकी अशाच वेळी खोटी माशी तुटून जाते. रोज पंधरा मिनिटे पुरेत. सिमेंटच्या गच्चीवर मात्र हा सराव नको, कारण तेथे दोरीवरचा गुळगुळीत लेप खरवडला जातो.

विजेच्या तारांजवळ काठी उचलूच नये, कारण कार्बनच्या काठीतून वीज वाहते.