मामा तलावाला पायी वळसा कसा घालावा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यात गाव तिथे तलाव. एकदोन नव्हे, सहा हजारांहून जास्त. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले, नाव मात्र राहिलं. यातले कितीतरी तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळात बांधलेले. उतार बघून पाणी कुठे अडेल हे ओळखण्याचं त्यांचं कसब आजही पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहिलं की कळतं.

या तलावांभोवतीची जमीन वर्षभर एकसारखी नसते. एका बाजूला पक्की पाळ, दुसऱ्या बाजूला पाणी हळूहळू जमिनीत विरत जातं आणि मधे दलदल, लव्हाळी, कमळं आणि गाळपेर, म्हणजे पाणी हटल्यावर गाळात केलेली पेरणी. तिथेच पक्षी, तिथेच गुरं आणि तिथेच ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, जाळी. पाळीवरून निघून, दलदलीच्या कडेने, दोनतीन गावं आणि धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, पुन्हा निघालो तिथे यायचं. सहा-सात किलोमीटरची सपाट वाट, चढ असा नाहीच. दहा वर्षांचं पोरही चालतं आणि सत्तरीचे आजोबाही. फक्त वाट आधी नीट ठरवावी लागते, कारण ती कुठल्याच नकाशात काढलेली नसते.

तलाव कोणता निवडायचा

पहिल्याच फेरीला नवेगावबांधसारखा प्रचंड तलाव धरू नका. तो डोंगरांनी आणि जंगलाने वेढलेला आहे, शिवाय लागूनच व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र, जिथे पायी हिंडता येत नाही. बोदलकसा, चोरखमारा हेही जंगलाच्या कुशीतले. ते डोळे भरून बघा, पण वळसा घालायला गावतलाव घ्या: चारही बाजूंनी शेतं आणि गावं असलेला, जंगलापासून लांब.

मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडा. तलावाची एक कड सरळ किंवा धनुष्यासारखी वाकलेली दिसेल, बहुतेकदा झाडांच्या रांगेसकट. ती पाळ. समोरची कड हाताच्या बोटांसारखी फाटलेली दिसते. ती दलदलीची. आता गूगल अर्थवर त्याच तलावाची जुनी छायाचित्रं महिन्यानुसार काढून बघा. ऑक्टोबरात पाणी कुठवर होतं आणि मार्चमध्ये कुठवर आलं, हे पाहिल्याशिवाय वाट आखू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नकाशात जी पायवाट दिसते ती उन्हाळ्यातली असू शकते, आणि डिसेंबरात तिच्यावर गुडघाभर पाणी असतं.

यायला-जायला गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्ग सोयीचा. सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, यातल्या कुठल्याही स्टेशनवर उतरलात तरी जवळपास तलाव मिळेलच. सारस पाहायचे असतील तर मात्र गोंदिया तालुक्याकडे वळा. परसवाडा, झिलमिली ही नावं त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. एसटीने जाणार असाल तर परतीची शेवटची गाडी कंडक्टरला उतरतानाच विचारून ठेवा.

महिना

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. त्याआधी बांध्यांत धान उभं असतं किंवा कापून कडपा पसरलेल्या असतात, आणि कडपांवरून चालणं म्हणजे कुणाच्या तरी वर्षभराच्या कमाईवर पाय देणं. पावसाळ्यात धुरे (बांध्यांमधले मातीचे बांध) निसरडे, रोवणीची घाई, सापांचा वावर. मार्चनंतर ऊन अंगावर येतं.

जानेवारी मला सगळ्यात आवडतो. धान कापण्याआधीच ओलीवर फेकलेली लाखोळी (एक कडधान्य) तेव्हा बांध्यांत निळ्या-जांभळ्या फुलांवर येते, आणि थंडीतले पाहुणे पक्षी तलावावर पुरते स्थिरावलेले असतात. दिवाळीनंतरचे दिवस निवडलेत तर एखाद्या गावात मंडई, म्हणजे इकडची जत्रा, लागलेली सापडेल. सापडली तर घड्याळ विसरा, थांबा.

सोबत काय घ्यायचं

कॅनव्हासचे जुने बूट, घट्ट विणीची पूर्ण लांबीची पँट (कुसळं मोज्यांत शिरली की चालणं नकोसं होतं), टोपी, दोन लिटर पाणी, दुर्बीण असेल तर दुर्बीण. गमबूट नेऊ नका. धुऱ्यावर ते घसरतात आणि चिखलात रुतले की पाय बाहेर येतो, बूट आतच राहतो.

आणि बांबूची छातीइतकी उंच काठी. ही हवीच. गवतात पाऊल टाकण्याआधी ती आपटायची, चिखलाशी आल्यावर ती खुपसून बघायची. वीतभर आत गेली तर ठीक, हातभर गेली तर मागे फिरा.

कुठून निघायचं

सकाळी सूर्य पाठीशी हवा, तरच पाण्यावरचे पक्षी रंगांनिशी दिसतात. नाहीतर सगळे काळे ठिपके. म्हणून सुरुवात तलावाच्या पूर्व काठावरून करा. पाळ पूर्वेला असेल तर सोन्याहून पिवळं. डिसेंबर-जानेवारीत पावणेसातच्या सुमारास उजाडतं, आणि पुष्कळदा आठपर्यंत पाण्यावर धुकं असतं. तेवढा वेळ पाळीवर काढायचा, दलदलीची कड धुकं फिटल्यावर.

अंधारात शेतांत मुळीच शिरू नका. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही ठिकाणी कुंपणाच्या तारांत वीज सोडलेली असते. ते बेकायदेशीर आहे आणि दरवर्षी त्यात माणसं दगावतात. उजाडल्यावरही उघड्या तारेला हात लावायचा नाही.

पाळीवरून

झाडीबोलीत ळ चा र होतो, म्हणून गावात कुणाला वाट विचाराल तर "पारीनं जा जी" असं उत्तर येईल. पार म्हणजे झाडाचा ओटा समजून शोधत बसू नका.

पाळीवर दोन गोष्टी न बघता पुढे जाऊ नका. एक तुडुम, म्हणजे तलावातून पाटात पाणी सोडण्याची जागा. काही ठिकाणी जुनं दगडी काम अजून दिसतं, बऱ्याच ठिकाणी लोखंडी दार आणि चाक आलं आहे. सप्टेंबरात पाऊस ओढ देतो तेव्हा अख्ख्या गावाचा धान या एका तोंडातून वाचतो. दुसरी गोष्ट सांडवा, जादा पाणी निघून जाण्याची वाट. सांडव्याखालचा नाला बघून घ्या, तो परतीच्या वाटेत पुन्हा आडवा येतो आणि कुठून ओलांडायचा हे आत्ताच कळतं.

पाळीवर घाट असेल तर तिथे बाया धुणं धुतात, आंघोळ करतात. दुर्बीण आणि कॅमेरा खाली. मान खाली घालून, न थबकता पुढे निघायचं.

दलदलीची कड

वळशातला हाच टप्पा अवघड आणि हाच सगळ्यात सुंदर. इथे घाई केलीत तर फसाल.

पहिल्या वेळी मी सरळ पाण्याच्या कडेने निघालो होतो. हिरवंगार गवत, वर दहिवर, जमीन अगदी सपाट. पन्नास पावलांवर एक ढिवरकाका जाळं झटकत होते. त्यांनी हात वर करून थांबवलं. "तिकडून नोका जाऊ जी, गारा आहे. गाईच्या वाटेनं या." गारा म्हणजे चिखल. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर पाळत आलो आहे: जिथे गाई चरायला जातात तिथे माणसाने जावं, जिथे फक्त म्हशी जातात तिथे जाऊ नये. गाय रुतण्याला भिते, म्हैस भीत नाही.

तेव्हापासून मी खुरांच्या खुणा वाचत चालतो. खूर नुसता उमटलेला असेल तर जमीन घट्ट. खुराच्या खड्ड्यात पाणी साठलेलं असेल तर दहा-वीस पावलं वर सरका. गुलाबी फुलांची बेशरम दाट वाढली असेल तिथे तिच्या पाण्याकडच्या बाजूला उतरू नका, वरच्या बाजूने जा. फेब्रुवारीत पाणी हटलेल्या जागी गाळपेर केलेली असेल तर तीही शेतीच. तिच्या मधून वाट काढायची नाही.

इथे एक बैठक माराच. झुडपाच्या आडोशाला पंधरा मिनिटं हलायचं नाही. आधी काहीच दिसत नाही. मग कमळाच्या पानावर काहीतरी सरकतं: कमळपक्षी. त्याची बोटं शरीराच्या मानाने इतकी लांब की वजन पानभर पसरतं. पान एका बाजूने किंचित बुडतं, त्यावर पाण्याचा थेंब घरंगळतो, आणि पान बुडण्याआधी पक्षी पुढच्या पानावर गेलेला असतो. मागे लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी देठं सोलत बसलेली, उघड्या पाण्यावर वारकरी नावाचे काळे पाणपक्षी, टिबुकल्यांच्या बुड्या. नशीब असेल तर पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. हिमालय ओलांडून आलेले हे पक्षी आपल्या गावतलावाच्या काठी गवत खाताना पाहिले की मला अजूनही भरून येतं.

सारसाची जोडी दिसली तर आहात तिथेच थांबा. माणसाएवढा उंच, राखाडी अंग, लाल डोकं आणि मान. उडणाऱ्या पक्ष्यांत याहून उंच पक्षी जगात नाही. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया-भंडारा भागातच उरला आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीतच गवताचा ढीग रचून घरटं करतो, म्हणजे त्याचं जगणं शेतकऱ्याच्या राजीखुशीवर. तुमच्या दिशेने माना उंचावून तो चरणं थांबवतो, तेव्हा तुम्ही जास्त जवळ आलात असं समजा आणि मागे या. ड्रोन तर आणूच नका.

गावांतून आणि धुऱ्यांवरून

दलदल संपली की पहिलं गाव लागतं. तिथे चहा घ्या, पोहे मिळाले तर खा. नोव्हेंबर-डिसेंबरात ढिवरांच्या घरी उकडलेले शिंगाडे विकत मिळतात, काळ्या सालीचे, अजून गरम. त्याची शिंगं बोटात जातात म्हणून टोकं आधी दातांनी तोडून टाका, मग मधे दाबला की साल दुभंगते. आतला गर भाजलेल्या रताळ्याच्या जवळ जाणारा. किंमत सांगतील ती द्या, घासाघीस करू नका. ज्या पाण्याच्या काठाने तुम्ही आत्ता आलात, त्यातच छातीपर्यंत उभं राहून कुणीतरी ते काढलेले असतात.

गावात शिरताना दिसेल त्याला राम राम म्हणा आणि कुठून आलो, कुठे चाललो ते आपणहून सांगा. अनोळखी माणूस दुर्बीण घेऊन तलावाभोवती फिरतो म्हटल्यावर लोकांना शंका येणं साहजिक आहे. तलावातली मासेमारी बहुधा स्थानिक संस्थेकडे असते, त्यामुळे जाळ्यांना, डोंग्यांना हात लावायचा नाही.

पुढची वाट बांध्यांमधल्या धुऱ्यांची. धुरा वीत-दीड वीत रुंद, त्यावर तूर लावलेली. तूर मोडत जायचं नाही; तुरीचा धुरा सोडून मोकळा धुरा शोधा, नाहीतर कापणी झालेल्या कोरड्या बांधीतून उतरून चाला. धसकटं टोचतात, पण नुकसान कुणाचंच नाही. वाट चुकलात असं वाटलं तर पाट शोधा. पाट तुडुमाकडून येतो, म्हणून पाण्याच्या उलट दिशेने चालत गेलात की पाळीवर पोहोचताच. पाटात पाणी नसेल तरी उताराची उलट दिशा पायांना कळते.

साप दिसला तर थांबून त्याला जाऊ द्या. चावलाच तर चावलेला हात-पाय हलवू नका, कापू-चोखू नका, घट्ट आवळपट्टी बांधू नका. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखान्यात पोहोचा. जुन्या झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्याखाली थांबू नका, धूर करू नका.

वेळ किती लागेल? नुसतं चालायचं तर सात किलोमीटरला दोन तासही पुरे. पण थांबत, बघत, बोलत गेलात तर चार धरा. सकाळी सातला पाळीवर चढलात तर अकराच्या आत परत तुडुमापाशी.

तिथे आल्यावर एक काम उरतं. तुडुमाचा कुठला दगड किंवा कुठली पायरी पाण्याच्या वर आहे ते बघा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. दलदलीच्या कडेला कुठे वर सरकावं लागलं, तेही. महिन्याभराने त्याच तलावावर याल तेव्हा आधी ती पायरी बघा. पाणी दोन पायऱ्या उतरलेलं असेल तर जुनी वाट सोडा. खालच्या अंगाने नवी वाट निघालेली असेल, आणि गाई ती तुमच्याआधी चालू लागलेल्या असतील.